लोणारचा खड्डा कुणी पाडला?

अकोल्याहून निघालं, पातूरचा घाट चढला, मालेगाव आणि मेहकर मागं टाकलं की लोणार येतं. वाटभर आपली ओळखीची जमीन असते, पोरहो. काळी माती, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि जिथं बघावं तिथं काळा दगड. लोणार गाव ओलांडलं की जमीन हळूच चढू लागते. वीसेक मीटरांचा चढ, फार नाही. माथ्यावर पाऊल टेकतं न टेकतं तोच समोरची भुई नाहीशी होते. खाली एक वाटोळं विवर पसरलेलं असतं. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १,८३० मीटर, खोली दीडशे मीटरांच्या आसपास. उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट खारं पाणी, पाण्याच्या कडेला कमळजा देवीचं देऊळ, आणि वरच्या काठाशी बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार.

सपाट पठारावर एवढा मोठा वाटोळा खड्डा आला कुठून? माणसं कितीतरी शतकं हा प्रश्न विचारत आली आणि त्याची तीन उत्तरं मिळाली. तिसरं उत्तर आज कुणीही सांगतं. पण ते उत्तर मान्य कसं झालं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. खड्डा पडला तो काही क्षणांत. तो कशानं पडला यावर जाणत्यांचं एकमत व्हायला मात्र दीडशे वर्षं लागली. आज त्या दीडशे वर्षांची गोष्ट ऐका.

सगळ्यांत जुनं उत्तर तुमच्या पणजीच्याही पणजीला माहीत होतं. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली भुयारात राहायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. विष्णूनं कुमाराचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्यानं भुयाराचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारून तिथंच गाडलं. झाकण दूर जाऊन पडलं, तिथं टेकडी झाली. उघडं राहिलेलं भुयार म्हणजे हे विवर. लोणारात दैत्यसूदनाचं देखणं देऊळ आहे, तिथला विष्णू लोणासुराला पायाखाली घेऊन उभा आहे.

या गोष्टीला हसू नका. ज्यांनी ती रचली त्यांनी जागा नीट पाहिली होती. इथलं काहीतरी एका फटक्यात उडालं, दूर फेकलं गेलं आणि खाली पोकळी राहिली, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

अकबराच्या काळी अबुल फजलनं 'ऐने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं. लोणार मोठं तीर्थ आहे हे त्यात आहे, आणि इथल्या खारापासून काच आणि साबण होतो हेही आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक काठावरचा खार गोळा करायचे. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्या खारांची नावं होती. तळ्याचा देव लोकांना माहीत होता, तळ्याचा उपयोगही माहीत होता. खड्ड्याचं कारण तेवढं कथेकडं सोपवलेलं होतं.

मग १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथं आला आणि लोणार युरोपच्या अभ्यासकांना कळलं. त्याच्यामागून भूशास्त्र जाणणारे आले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं तर सगळीकडं हा काळा दगड, बसाल्ट. तो लाव्ह्याचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, गोठला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर चढत गेले. आपल्या मेळघाटातला गाविलगडचा डोंगर त्याच दगडाचा. आता मला सांगा, ज्या मुलखाचा खडा न् खडा ज्वालामुखीतून आलाय, तिथं वाटोळं विवर दिसलं तर माणूस काय म्हणेल?

"ज्वालामुखीचं तोंड!" तुम्ही म्हणालात. त्यांनीही तेच म्हटलं. ते दुसरं उत्तर.

"मंग त्यात चूक काय झाली, आबाजी?"

चूक अशी काही नव्हती. हाताशी जो पुरावा होता त्यावरून ते उत्तर शहाणपणाचंच होतं. पण ते देणाऱ्यांना स्वतःलाच ते टोचत होतं. विवराभोवती ताजा लाव्हा नव्हता, राख नव्हती. आणि तोंड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं असतं, तर पावसापाण्यानं झिजून, गाळानं भरून ते केव्हाच सपाट झालं असतं. हे विवर तर धडधाकट उभं आहे. १८७९ साली मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी भारताच्या भूशास्त्राचा मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी लोणारचं कारण स्फोटात शोधलं: लाव्हा न ओकता नुसता फुटलेला ज्वालामुखी. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारवर सविस्तर लेख लिहिला. त्यांनी जमीन खचण्याचा विचार पुढं आणला, पण कारण धरलं ते भूगर्भातलंच. सगळे जण जमिनीखालीच कारण शोधत होते. आभाळाकडं कुणी बघितलं नाही.

"काहून?"

कारण आभाळातून दगड पडतात हेच शिकल्यासवरल्या माणसांनी फार उशिरा कबूल केलं. फ्रान्समध्ये १७६८ साली ल्यूसे नावाच्या गावी दगड पडला. शेतात काम करणाऱ्यांनी तो पडताना पाहिला. पॅरिसच्या अकादमीनं तपास केला. तपास करणाऱ्यांत लॅव्हॉझिए होता, रसायनशास्त्राचा पाया घालणारा माणूस. १७७२ साली निकाल आला की हा पृथ्वीवरचाच दगड, त्यावर वीज पडली असावी. १७९४ साली क्लॅडनी या जर्मन अभ्यासकानं पुस्तक लिहून सांगितलं की असे दगड पृथ्वीबाहेरून येतात. लोकांनी त्याची टर उडवली.

मग आपल्याच देशात एक रात्र अशी आली. १९ डिसेंबर १७९८. काशीजवळ क्राखुत नावाच्या गावावर निरभ्र आभाळात आगीचा गोळा दिसला, गडगडाट झाला आणि दगड पडले. गावकऱ्यांनी पाहिलं, तिथल्या एका इंग्रजानं त्यांचे जबाब टिपून दगडांचे नमुने विलायतेला धाडले. लंडनच्या एडवर्ड हॉवर्डनं काशीचा दगड, इंग्लंडमधला एक, इटलीतला एक आणि बोहेमियातला एक असे चार दगड घेतले. चार देशांतले, वेगवेगळ्या सालांत पडलेले. १८०२ साली त्यानं त्यांचं पृथक्करण छापलं. चारही दगडांत लोखंडाचे कण होते आणि त्या लोखंडात निकेल मिसळलेलं होतं. जमिनीवरच्या साध्या दगडांत असं लोखंड सापडत नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावी हजारो दगडांचा वर्षाव झाला. तरुण बियो तिथं गेला, गावोगाव फिरून दगड कुठं कुठं पडले याचा नकाशा त्यानं मांडला, आणि वाद मिटला.

इथं जरा थांबू या. गावकरी १७६८ सालीही खरं बोलत होते आणि १८०३ सालीही. मग १८०३ साली त्यांचं का ऐकलं गेलं? मधल्या काळात एक खूण हाती आली होती. कुणीही, कुठंही, आपल्या हातानं तपासून बघावी अशी खूण: निकेल. साक्ष आणि खूण एकमेकींना मिळाल्या तेव्हा शंका घ्यायला जागा उरली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढं लोणारला कामी येणार आहे.

दगड पडतात हे मान्य झालं. पण दगडानं मैलभर रुंद खड्डा पडतो, हे कुणाला पटेना. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात लोणारसारखंच एक विवर आहे, सुमारे १,२०० मीटर रुंद. त्याच्याभोवती उल्केच्या लोखंडाचे तुकडे विखुरलेले सापडत. १८९१ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तिथं गेला. तो अमेरिकेतला मोठा नावाजलेला भूशास्त्रज्ञ, आणि फार सचोटीचा. त्यानं आधी ठरवलं की दोन कसोट्या लावायच्या. हा खड्डा लोखंडी उल्केनं पडला असेल, तर ती उल्का खाली गाडलेली असणार. मग होकायंत्राची सुई तिथं हलली पाहिजे. आणि काठावर पडलेल्या मातीदगडांनी खड्डा मनानं भरून बघितला, तर माती उरली पाहिजे, कारण उल्केनं खाली जागा अडवलेली असणार. त्यानं मोजमाप केलं. सुई हलली नाही. माती खड्ड्याएवढीच भरली. त्यानं निकाल दिला की हा वाफेचा स्फोट. १८९६ साली त्यानं हे सगळं छापलं, आणि तसंच दुसरं विवर म्हणून कशाचं नाव घेतलं माहीत आहे? आपल्या लोणारचं.

गंमत बघा, त्याच गिल्बर्टनं १८९२ साली दुर्बिणीतून चंद्र अभ्यासला होता, आणि चंद्रावरचे खड्डे आघातानं पडलेले आहेत असं ठामपणे मांडलं होतं. चंद्राबद्दल तो बरोबर होता. पायाखालच्या जमिनीबद्दल चुकला.

१९०३ साली त्या विवराकडं डॅनियल बॅरिंजर नावाचा खाणवाला वळला. त्याला खात्री होती की उल्का खाली आहेच, आणि ती खणून काढली तर लोखंडाचं मोठं घबाड हाती लागेल. सव्वीस वर्षं तो खणत राहिला, भोकं पाडत राहिला, कंपनीचे पैसे ओतत राहिला. १९२९ साली मोल्टन या खगोलशास्त्रज्ञानं हिशोब करून सांगितलं की एवढ्या वेगानं आदळलेली उल्का बहुतेक सगळी वाफ होऊन गेली असणार, खाली काही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बॅरिंजर वारला.

"म्हणजे बॅरिंजर बरोबर होता का चूक?"

खड्डा उल्केनं पडला, यात तो बरोबर होता. उल्का खाली आहे, यात चूक होता. आणि गिल्बर्टची चूकही तीच होती! दोघं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे होते, तरी दोघं एकच गोष्ट न तपासता धरून चालले होते: आदळलेला दगड जागेवर शिल्लक राहतो. गिल्बर्टची कसोटी प्रामाणिक होती, मोजमाप चोख होतं. पण ज्या खुणेचा तो शोध घेत होता, ती खूण आघातानं मागं ठेवलेलीच नव्हती. पोरहो, वाद लांबतो तो पुष्कळदा असा. माणसं हट्टी असतात म्हणून लांबतो हे खरं, पण त्याहून जास्त तो लांबतो, कारण नेमकं काय शोधायचं तेच कुणाला ठाऊक नसतं.

उल्केच्या बाजूवर आणखी एक मोठा आक्षेप होता. उल्का काही दर वेळी सरळ डोक्यावरून येणार नाही, तिरपीही येईल. मग तिचा खड्डा लांबट पडायला हवा. चंद्रावरचे खड्डे तर जवळजवळ सगळे वाटोळे. हा प्रश्न न्यूझीलंडच्या गिफर्डनं १९२४ साली सोडवला. उल्का सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येते, म्हणजे अकोल्याहून अमरावती पाच-सात सेकंदांत. त्या वेगानं आदळल्यावर ती जमिनीत नुसती घुसत नाही, तिच्या सगळ्या वेगाची क्षणात उष्णता आणि दाब होऊन स्फोट होतो. आपल्याकडं विहिरीला काळा दगड लागला की सुरुंग लावतात. सुरुंगाचं भोक तिरपं असलं तरी स्फोट दगड चहूबाजूंना फेकतोच. तसंच हे. खड्डा पाडते ती उल्केची दिशा नव्हे, तिचा स्फोट. पण गिफर्डचं गणित छापून आलं आणि बराच काळ तसंच पडून राहिलं. भूशास्त्राच्या शाळेत तेव्हा शिकवण अशी होती की पृथ्वीवरचे बदल हळूहळू होतात, लाखो वर्षांत, नदीनं आणि वाऱ्यानं. आभाळातून येऊन पळभरात सगळं उलथवून टाकणाऱ्या गोष्टीला त्या शिकवणुकीत जागा नव्हती.

मग जागा कशी झाली? एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून. १९५३ साली लोरिंग कोज या अमेरिकन रसायनज्ञानं प्रचंड दाब आणि उष्णता वापरून क्वार्ट्झचं, म्हणजे साध्या वाळूतल्या खनिजाचं, एक नवं, जास्त घट्ट रूप तयार केलं. त्याचं नाव कोएसाइट. निसर्गात ते कुणी पाहिलं नव्हतं. १९६० साली युजीन शूमेकर आणि त्याचे सोबती चाओ आणि मॅडसन यांनी अॅरिझोनाच्या विवरातल्या वाळूच्या दगडात कोएसाइट शोधून दाखवलं. इतका दाब जमिनीच्या पृष्ठभागावर ज्वालामुखी कधीच देऊ शकत नाही. गिल्बर्टनं मोठा लोखंडी गोळा शोधला होता. खरी खूण सुईच्या टोकाएवढ्या कणांत दडलेली होती.

आता वळू आपल्या लोणारकडं. त्याच १९६० साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये कॅनडाच्या बील्स आणि त्याच्या सहकाऱ्यांचा लेख आला. ते विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत जुनी उल्काविवरं हुडकत होते. त्यांनी सुचवलं की लोणारही त्यातलंच असावं. हेच ते तिसरं उत्तर. १९६४ साली लाफॉन्ड आणि डिएट्झ यांनी लोणारवर लेख लिहिला. काठाचे लाव्ह्याचे थर बाहेरच्या बाजूला कलंडलेले, उचललेला काठ, भोवती फेकलेल्या दगडांचा पसारा: सगळं आघाताकडं बोट दाखवत होतं. तरीही त्यांनी शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं. ते त्यांनी ठेवलं हे मला फार आवडतं. अंदाज जवळ होता, खूण अजून नव्हती.

"मंग लोणारात कोएसाइट शोधायचं ना!"

तिथंच तर अडचण होती. कोएसाइट क्वार्ट्झपासून होतं, आणि आपल्या काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. अॅरिझोनाची खूण वऱ्हाडात चालणार नव्हती. बसाल्टला त्याची स्वतःची खूण हवी होती.

ती खूण पुन्हा भारतातच पडून होती. १८६५ साली बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक उल्का पडली होती. १८७२ साली व्हिएन्नाच्या चेरमाकनं त्या दगडात काचेसारखं एक खनिज पाहिलं आणि त्याला मॅस्केलिनाइट हे नाव दिलं. ते कसं झालं असेल, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६३ साली, डॅनियल मिल्टन आणि पॉल डी कार्ली यांनी स्फोटकं वापरून दगडाला प्रचंड हादरा दिला. त्यातलं प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज न वितळताच काच झालं. तेच मॅस्केलिनाइट! त्यासाठी हवेच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाब लागतो. आणि प्लॅजिओक्लेज कुठं असतं? आपल्या काळ्या दगडात ठासून भरलेलं असतं. बसाल्टची खूण सापडली होती.

तेवढ्यात माणूस चंद्रावर उतरला. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या यात्रींनी दगडमाती आणली, तर चंद्रावरच्या काळसर सपाट भागांचा दगड निघाला बसाल्ट. त्यात आघातानं झालेले काचेचे बारीक मणी होते. आता जगातले शास्त्रज्ञ विचारू लागले, पृथ्वीवर बसाल्टमध्ये पडलेलं ताजं विवर कुठं आहे? बोट वऱ्हाडाच्या नकाशावर आलं. ज्या चंद्रासाठी गिल्बर्टनं आघात मानला होता, त्या चंद्रानंच जगाला लोणारकडं आणलं.

१९७२ साली व्ही. के. नायक यांनी लोणारच्या काचेसारख्या तुकड्यांवर लेख लिहिला आणि ते आघाताचा पुरावा असू शकतात असं मांडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांनी मिळून तळ्याच्या तळाला छिद्रं पाडली. वरचा गाळच सुमारे शंभर मीटर. त्याखाली मोडलेल्या, चुरलेल्या बसाल्टचा थर, आणि त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट! हादऱ्यानं शंकूच्या आकारात फाटलेले दगड, काचेचे मणी, सगळं सापडलं. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा लेख १९७३ साली 'सायन्स' मासिकात आला. चौघांमधला मिल्टन तोच, ज्यानं दहा वर्षांपूर्वी स्फोटकांनी मॅस्केलिनाइट तयार केलं होतं. लोणारचे काचमणी आणि अपोलोनं आणलेले मणी यांच्यात जवळचं साम्य आहे, हेही त्यांनी दाखवलं. १८२३ ते १९७३, दीडशे वर्षं.

"मंग साऱ्यांनी लगेच मानलं?"

साऱ्यांनी नाही. पुढं बरीच वर्षं ज्वालामुखीची बाजू मांडणारे लेखही निघत राहिले, आणि ते बरंच झालं. त्यांच्या प्रत्येक शंकेसाठी कुणीतरी परत विवरात उतरलं. थरांचा कल मोजला, फेकलेल्या दगडांचा पसारा नकाशावर आणला. नंतरच्या अभ्यासात सगळ्यांत बारीक काचमण्यांमध्ये निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम जास्त सापडलं. आपल्या काळ्या दगडात ते तेवढं नसतं, म्हणजे तो वरून आलेल्या दगडाचा अंश. काशीच्या दगडात हॉवर्डला जी खूण दिसली होती, तिच्याच जातीची खूण दोनशे वर्षांनी लोणारनं दाखवली.

आता मला या गोष्टीतलं जे म्हणायचं आहे ते सांगतो. एखादी नवी कल्पना मान्य होते ती मोठ्या नावामुळं होत नाही. लॅव्हॉझिए मोठा होता, गिल्बर्ट मोठा होता. हट्टानंही होत नाही, बॅरिंजरएवढा हट्ट कुणाचा असणार? ती मान्य होते, जेव्हा कुणीतरी नेमकी खूण सांगतं: माझं खरं असेल तर अमुक सापडेल, तुझं खरं असेल तर ते कधीच सापडणार नाही. मग ती खूण वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या जागी, आपापल्या हातानं सापडू लागते. कारखान्यात दाबाचे प्रयोग करणारा कोज, वाळवंटात फिरणारा शूमेकर, चंद्रावरून दगड आणणारे यात्री, तळ्यात छिद्र पाडणारे आपले सर्वेक्षणवाले. यांतले बहुतेक जण लोणारसाठी कामाला लागलेच नव्हते. म्हणूनच त्यांची साक्ष इतकी वजनदार ठरली.

आणि लोकांनी मानलं कसं? पुस्तकांतून, शाळेच्या सहलींतून, आणि लोणारच्याच माणसांतून. आज तिथं गेलात तर वाट दाखवणारी पोरं दैत्यसूदनाच्या देवळापाशी लोणासुराची गोष्ट सांगतात आणि काठावर उभी राहून उल्केचीही सांगतात. दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात. श्रद्धेची जागा देवळात, खुणेची जागा दगडात, हे आपल्या वऱ्हाडी माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही.

लोणारनं अलीकडंही एकदा परीक्षा घेतली. २०२० सालच्या जूनमध्ये तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, फोनवर छायाचित्रं फिरली, ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला. कुणी कोप म्हटलं, कुणी चमत्कार. पाण्याचे नमुने घेतले गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते तपासले. कडक उन्हाळ्यानं पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले होते. गुलाबी रंग त्यांचा. खूण? ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी नितळ होत होतं. रंग पाण्याचा असता तर तसं झालं नसतं. वाद वाढायच्या आधीच मिटला, कारण या वेळी काय शोधायचं ते ठाऊक होतं. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीतल्या पाणथळ जागांचा मानही मिळाला.

"म्हणजे लोणारचं सारं कळलं आता?"

छे! सगळ्यांत सोपा वाटणारा प्रश्न अजून उभाच आहे. हे विवर किती जुनं? काचेच्या तुकड्यांवर तापदीप्ती नावाची रीत लावली, तर वय आलं सुमारे ५२,००० वर्षं. नंतर आर्गॉन वायूची रीत लावली, तर आलं सुमारे ५,७०,००० वर्षं. दहापटीहून जास्त फरक! दोन्ही बाजूंची माणसं जाणती आहेत, दोन्ही रीती इतर ठिकाणी पारखलेल्या आहेत. आर्गॉनच्या रीतीत एक धोका असतो. लोणारची काच साडेसहा कोटी वर्षांच्या दगडातून वितळून झाली. त्या जुन्या दगडातला थोडा आर्गॉन काचेत अडकून राहिला असेल, तर घड्याळ पुढं गेलेलं दिसेल. दुसऱ्या रीतीत धोका उलटा आहे. काच नंतर कधी तापली, किंवा साठलेली ऊर्जा हळूहळू गळत राहिली, तर घड्याळ मागं पडलेलं दिसेल. लोणारच्या जवळ अंबर तळं नावाचा लहान खळगा आहे. तो त्याच उल्केच्या तुकड्यानं पडला असावा अशी कल्पना मांडली गेली, पण तिथं आघाताची पक्की खूण सिद्ध झालेली नाही. ते कामही शिल्लक आहे.

तुमच्यातलं कुणी उद्या अमरावतीच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकेल. लोणार याच विद्यापीठाच्या हद्दीत येतं, घरचंच विवर म्हणा ना. जाल तेव्हा तिथला एक खडाही उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे, आणि त्यातला प्रत्येक काचमणी अजून साक्ष द्यायचा बाकी आहे.

"आबाजी, तुम्हाला काय वाटते? बावन्न हजार का पाच लाख सत्तर हजार?"

मला काय वाटतं याला इथं वजन नाही, माझ्या वयालाही नाही. तुम्ही दोन्ही बाजूंच्या लोकांना एकच विचारा: तुमचं वय खरं असेल, तर लोणारच्या गाळात, काचेत, काठाच्या दगडात असं काय सापडायला हवं, जे दुसऱ्याचं वय खरं असताना सापडणार नाही? ज्या दिवशी याचं नेमकं उत्तर कुणी देईल, त्या दिवशी हा वादही मिटायला लागेल. कुणी सांगावं, ते उत्तर तुमच्यापैकीच एखाद्याच्या वहीत लिहिलं जाईल.